तेजूच्या लग्नातल्या कुंड्या

जयसिंगपूर,
१२ सप्टेंबर

सौ. आक्कास,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. कंबर धरलीय, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी भावजय अनुजाही बरी आहे. पाऊस बेताचा आहे. तुमच्याकडील ऊस कसा आहे?

सदरचे पत्र पूर्णपणे व्यापारी स्वरूपाचे असून त्यात घरगुती मजकूर काहीही नाही. चार वर्षांपूर्वी तू मला सांगितलं होतंस की ह्या घरात परत फोन करायचा नाही. मी शब्दाचा पक्का आहे, फोन केलेला नाही. कागद पाठवायचा नाही असं काही तू बोलल्याचं मला आठवत नाही, म्हणून कागद.

तर कोल्हापूरच्या वर्षाराणी मॅडम म्हणून आहेत, लग्नाच्या सजावटीची कामं घेतात. त्यांचा परवा फोन आला. गडहिंग्लजला बारा डिसेंबरला लग्न आहे, कार्यालयाच्या दारापासून स्टेजपर्यंत दोन्ही बाजूंनी फुललेल्या कुंड्या पाहिजेत, ऐन भरातल्या. मी म्हटलं, देतो, पार्टी कुठली? तर म्हणाल्या, मुलगी तेजस्वी, वडील हंबीरराव, उसाचे मोठे बागाईतदार, नवरा मुलगा विश्वजित फौजेत आहे. आक्का, मी फोन कानाला तसाच धरून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोत्यावर बसलो. पोतं भिजलेलं होतं ते उठल्यावर कळलं.

तेजूचं लग्न ठरल्याचं मला सजावटवाल्या बाईकडनं कळावं! असो. व्यापारी पत्र आहे.

हे पुस्तकी बोलणं मला काय जमेना. सरळ लिहितो. रंग कुठले पाहिजेत ते सांग. आत्ताच सांगायचं, कारण आमचं पंचांग उलटं चालतंय. तुमच्यात मुहूर्त निघाला की तिथनं पुढं तयारी लागते, आमच्यात मुहूर्तापासनं मागं मोजत यायचं. बारा डिसेंबरला फूल पाहिजे, तर त्याच्या आधी आठवडाभर कुंड्या पॉलिहाऊसच्या बाहेर काढून त्यांना वाऱ्याची सवय लावायची. त्याच्या आधी कळ्या धरायला पाहिजेत. त्याच्या आधी शेंडे खुडायचे, म्हणजे झाड उंच न जाता गच्च भरतंय. त्याच्या आधी ट्रेमधनं कुंडीत. आणि सगळ्याच्या आधी पेरणी, ती ह्याच आठवड्यात. पेटुनियाचं बी म्हणजे नुसती भुकटी बघ. वरनं माती टाकायची न्हाय, त्याला उजेड लागतोय. पेरताना शिंकायचं सुद्धा न्हाय. मागं एकदा मी शिंकलो आणि अख्खा ट्रे अनुजाच्या अंगावर उगवायचा बाकी राहिला.

एका कुंडीत मधोमध निळा साल्विया उभा, भोवतीनं पेटुनिया भरीव, आणि काठावरनं खाली लोंबतंय असं पांढरं ॲलिसम. झेंडू घालणार न्हाय. तो हारात असतोच, परत कुंडीत कशाला बघायचा?

दाजींना ही झुडपं वाटतात हे मला ठाऊक हाय. तुझ्या वास्तुशांतीला मी एवढ्या हौसेनं बारा कुंड्या घेऊन आलतो. सगळ्या पंगतीसमोर दाजी म्हणाले, "कृष्णात, ह्याची भाजी करत्यात का कोशिंबीर?" माणसं हसली. मी म्हटलं, "तुमचा ऊस बघायला कुणी पावणा कधी दारात थांबलाय का?" तेवढ्यात तुमच्या शेळीनं सहा कुंड्या खाल्ल्या, आणि दाजी म्हणाले, "बघ, कुणाच्या तरी उपयोगाला आल्या." मग मी ताटावरनं उठलो. कुणीबी उठला असता. तुझं म्हणणं, ताटावरनं उठायचं न्हवतं. माझं म्हणणं, शेळी बांधायची हुती. ह्यावर चार वर्षं झाली.

कन्यादानाच्या आधी मुलीला धरून आणायला गणपतदादा उभा राहणार असं ऐकलं. चांगलं हाय. चुलत का असंना, मामाच हाय तो. त्याचा गुडघा आता कसा हाय? मुलीच्या खोलीपासनं स्टेजपर्यंत चालवंल न्हवं त्याला? मी आपलं सहज विचारलं.

रंगाचं तेवढं कळव. बाकी काय कळवायची गरज न्हाय.

कृष्णात
(हंगामी फुलांचे उत्पादक व पुरवठादार)

---

जयसिंगपूर,
५ ऑक्टोबर

आक्का,

नमस्कार. कंबर सुटली, आज पूर्ण वाकलोय.

पत्राचं उत्तर आलं न्हाय, पण वर्षाराणी मॅडमकडनं तुझा निरोप आला. "जांभळा नको, तो दुखवट्यासारखा दिसतो. पांढरा आणि गुलाबी पाहिजे. आणि लाल थोडा." आक्का, पेरणी होऊन ट्रे हिरवेगार झाल्यावर जांभळा नको म्हणतीस? झाड म्हणजे काय लुगडं हाय व्हय, परत नेऊन दुसरं आणायला?

पण मी तुला ओळखून हाय. रुमाल घ्यायला गेलीस तरी दुकानदाराला सगळी कपाटं उघडायला लावतीस तू. म्हणून मी आधीच पाची रंग पेरलेत, सगळे जादा. आता जांभळ्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. इथं एक दाताचे डॉक्टर हायत, त्यांना कुठलाबी रंग चालतो. त्यांच्याकडं येणारं माणूस फुलं बघायच्या मनःस्थितीत नसतंय.

रोपं आता कुंडीत गेलीत. सकाळी जाऊन बघतो तर पानावर पाणी थांबलेलं, आणि पॉलिहाऊसमध्ये कसं गार वाटतंय. मला उगाच तेजू आठवली. पॉलिहाऊस नवीन हुतं तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत ती इथंच असायची की. एकदा तिनं मूठभर कोकोपीट खाल्लं, आणि तू मला फोनवर एवढी बोललीस, जसं काय मीच चमच्यानं भरवलंतं. आणि गिऱ्हाईक आलं की ती ट्रेसमोर हात पसरून उभी राहायची. "हे विकायचं न्हाय. हे माझ्या मामाचं हाय." माझं निम्मं गिऱ्हाईक तिनं परत पाठवलं त्या वर्षी.

घरगुती मजकूर झाला. खोडून टाकणार हुतो, पण कागद खराब दिसंल.

वर्षाराणी मॅडम काल स्वतः माल बघायला आलत्या. म्हणाल्या, "एवढी काळजी तुम्ही दुसऱ्या ऑर्डरींची घेत नाही." मी म्हटलं, "मॅडम, मुलीचा सख्खा मामा हाय मी." त्या एकदम खुर्चीवरनं उठल्याच. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! म्हणजे घरचंच कार्य!" मी म्हटलं, "घरचंच म्हणजे काय, मला विचारल्याशिवाय तिथलं पान हलत न्हाय." आक्का, बोलून गेलो. बाईमाणसासमोर जरा छाती फुगतीच. तू मनावर घेऊ नकोस.

अनुजा म्हणते, एवढं हाय तर जाऊन भेटा की. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय जायचा न्हाय. ती म्हणते, तुम्हा भावाबहिणीच्या मध्ये मी पडणार न्हाय, दोघंबी एका मापाचे हायसा. तू तिला काय सांगितलंस का? न्हाय, कसं सांगशील, ती पण फोन करत न्हाय.

गणपतदादानं म्हणे लग्नासाठी कोट शिवायला टाकलाय. बंद गळ्याचा. बरं दिसंल त्याला. पोट झाकतंय.

कृष्णात

---

जयसिंगपूर,
६ नोव्हेंबर

आक्का,

नमस्कार.

दिवाळी झाली. भाऊबिजेला सकाळी मी गाडी धुऊन पुसून दारात लावलती. कुठं जायचं हुतं असं न्हाय. गाडी मळली हुती.

कामाचं सांगतो. काल शेवटचा शेंडा खुडला. तुला वाटंल, फुलं पाहिजेत तर शेंडे कशाला तोडायचे? त्याचंच तर सगळं गणित हाय. न खुडता सोडलं तर झाड एका काडीवर वर जातंय, टोकाला चार फुलं येतात, आणि लग्नाच्या दिवशी ते वाकून पावण्यांच्या ताटात बघतंय. शेंडा मोडला की बाजूनं फुटवं येतात, प्रत्येक फुटव्याला कळ्या, आणि कुंडी डोक्यावर टोपलं घेतल्यागत भरून येते. पण एकदा खुडलं की फूल तीन-साडेतीन आठवडे मागं जातंय. म्हणून शेवटची खुडणी तारीख बघूनच करायची. बारा डिसेंबर धरून मी बरोब्बर काल केली. काय कळ्या तर अशा टपोऱ्या हुत्या, दोन-चार दिवसांत उमलल्या असत्या. आमच्याकडं कामाला धोंडुबाई हायत, त्या तर शेंडा मोडायच्या आणि देवाची माफी मागायच्या. मला म्हणाल्या, "मालक, पापी हायसा तुम्ही." मी म्हटलं, "मावशी, भाचीच्या लग्नाला करतोय." तर म्हणाल्या, "मग मोडा."

परवा बियाणं आणायला कोल्हापूरला गेलतो. महाद्वार रोडनं येताना एका दुकानात पिवळी साडी दिसली. घेतली. अनुजासाठी. अनुजा पिवळं नेसत न्हाय, ते मला दुकानातनं बाहेर पडल्यावर आठवलं. दुकानदारानं विचारलंतं, "मामाची साडी का?" मी हो म्हटलं, कारण न्हाय म्हटलं असतं तर त्यानं दुसऱ्या रंगाच्या काढल्या असत्या आणि मला बसला उशीर झाला असता. आता ती कपाटात पडून हाय. अनुजा रोज कपाट उघडती, साडी बघती, माझ्याकडं बघती, आणि काय न बोलता कपाट बंद करती. त्यापेक्षा बोललेली परवडली.

आक्का, एक विचारायचं हुतं. पण राहू दे.

पुढच्या महिन्यात अकरा तारखेला संध्याकाळी टेम्पो घेऊन मी स्वतः कार्यालयात येणार हाय, कुंड्या लावायला. पुरवठादार म्हणून. मागच्या दारानं येईन, मागच्या दारानं जाईन. दाजींना सांग, शेळी बांधा.

कृष्णात

---

जयसिंगपूर,
१५ नोव्हेंबर

आक्का!

नमस्कार बिमस्कार काय न्हाय आज.

सत्तावीस नोव्हेंबर? सत्तावीस?

आज सकाळी वर्षाराणी मॅडमचा फोन. "कृष्णातदादा, टेम्पो सव्वीसला किती वाजता निघणार?" मी म्हटलं, मॅडम, तारीख चुकली तुमची. तर त्या म्हणाल्या, "असं काय करता? नवऱ्या मुलाची रजा बदलली, लग्न पंधरा दिवस अलीकडं आलं, पंधरवडा होत आला त्याला. आचाऱ्याला कळवलं, बँडवाल्याला कळवलं, घोडेवाल्याला कळवलं." मी म्हटलं, "आणि मला?" तर ती बाई काय म्हणाली ठाऊक हाय? "तुम्हाला काय कळवायचं? तुम्ही सख्खे मामा. तुम्हाला विचारल्याशिवाय पान हलत नाही म्हणालात. मला वाटलं तारीख तुम्हीच बदलली."

आक्का, घोड्याला माझ्या आधी कळलं!

मी पॉलिहाऊसमध्ये जाऊन उभा राहिलो. सगळ्या कुंड्या हिरव्यागार. एक फूल न्हाय. सगळ्या कशा तुकतुकीत, गुटगुटीत, भांग पाडून बसल्यात, आणि फूल येणार डिसेंबरात. मी शेंडे खुडले पाच तारखेला. तारीख बदलली खुडायच्या दोन दिवस आधी! एक शब्द कानावर आला असता तर हात लावला नसता मी. त्या टपोऱ्या कळ्या आज उमलून, सत्तावीसला ऐन भरात आल्या असत्या. ही काय खताची चूक न्हाय, पाण्याची न्हाय, रोग न्हाय, कीड न्हाय. तू आणि मी बोलत न्हाय, म्हणून ह्या कुंड्यांना फुलं न्हाईत. असं कारण कुठल्या शेतीच्या पुस्तकात सापडणार न्हाय.

दिवसभर डोकं चालवलं. दिवे लावून उजेड वाढवू म्हटलं, खत बदलू म्हटलं. चार दिवस इकडं-तिकडं होईल, जास्त न्हाय. झाडाला काय फौजेतनं हुकूम येत न्हाय.

कोल्हापुरातनं फुललेला माल विकत आणून देता येईल. मॅडम तेच म्हणाल्या. मी न्हाय म्हटलं. तेजूच्या लग्नात दुसऱ्याच्या हातची फुलं मी माझी म्हणून लावायची? जमणार न्हाय. तुला पाहिजे तर ऑर्डर मोड. कुणाकडनंबी घे.

आणि आता एवढं झालंच हाय तर ते पण सांगून टाकतो, मघापासनं नुसतं कुंड्या-कुंड्या लावलंय. आक्का, मला फुलांचं वाईट वाटतंय, पण तेवढंच वाटत न्हाय. भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणतील, आणि गणपतदादा उठंल. मी तिथंच कुठंतरी कुंडीला पाणी घालत उभा असणार. हे मला बघवणार न्हाय. म्हणून मी येत न्हाय. टेम्पोबरोबर दुसरं कुणीतरी पाठवीन.

साडी पाठवतो. ती कुणी दिली ते सांगू नकोस.

कृष्णात

---

गडहिंग्लज,
१९ नोव्हेंबर

तम्मा,

तुझी चारी पत्रं मिळाली. तीन मी पाठ केलीत, चौथं तुझ्या दाजींनी वाचून दाखवलं, कारण मला वाचवंना.

तुला अक्कल कधी येणार? गडहिंग्लजात कुंड्या मिळत न्हाईत व्हय? कोल्हापुरात काय नर्सऱ्या ओस पडल्यात? त्या वर्षाराणीला पहिल्या दिवशी मीच सांगितलं, जयसिंगपूरला अमका माणूस हाय, कुंड्या त्याच्याकडनंच घ्यायच्या, दुसऱ्याच्या आणल्या तर दारातनं परत पाठवीन. पार्टीचं नाव विचारलं तर नीट सांग म्हटलंतं. फोन करू नकोस म्हणणारी मीच, मग फोन कशी करू? माझं काय तोंड हाय का न्हाय? एवढी मोठी ऑर्डर दिली, म्हटलं कळंल त्याला. तर हा मला विचारतोय रंग कुठला!

तारीख बदलली तेव्हा पण पहिला फोन त्या बाईलाच केलता, तुला कळावं म्हणून. तिनं सांगितलं न्हाय हे आज तुझ्या पत्रावरनं कळलं. तिला मी बोलले. भरपूर बोलले. ती म्हणाली, "ते म्हणाले पान हलत नाही." तुझं पान तू आल्यावर मी हलवते.

गणपाला मी नुसतं "ये" म्हटलंतं. कोट त्यानं स्वतःच्या मनानं शिवलाय आणि गावभर त्यानंच सांगितलंय. त्याचं मी बघते.

जांभळ्याचं म्हणशील तर मला जांभळा चालत हुता. तू पत्र लिहावंस म्हणून खोड काढली.

फुलं न्हाईत तर न्हाईत. हिरव्या कुंड्या आण, न्हायतर रिकाम्या आण. पण टेम्पोत तू बस. साडी तुझ्या हातानं आण. पुढच्या दारानं ये. तुझे दाजी काय बोलायचे न्हाईत. शेळी विकली.

वाट बघायला लावू नकोस, मला आता सोसत न्हाय.

आक्का

---

जयसिंगपूर,
१२ डिसेंबर

आक्का,

नमस्कार. लग्नात तू एवढ्या वेळा मिठी मारलीस की परत कंबर धरली.

फोनवर बोलतोच आपण रोज, पण तुला लग्नाच्या गडबडीत काही गोष्टी कळल्या न्हाईत, त्या कागदावर सांगतो. फोनवर तू मध्ये मध्ये हसतीस आणि मला सांगायचं सुचत न्हाय.

तू मला शेवटपर्यंत विचारत हुतीस, "हिरव्या आणणार हुतास, फुललेल्या कुठनं आल्या?" आक्का, त्या विकत आणल्या न्हाईत. माझ्याच हातच्या हुत्या, शप्पथ. दिवाळीच्या आधी मी इथल्या गिऱ्हाइकांना कुंड्या भरून दिलत्या, त्या तेव्हा ऐन भरात हुत्या. तुझं पत्र आलं त्या दिवशी टेम्पो काढला आणि दारोदार फिरलो. पेट्रोल पंपावर, दाताच्या डॉक्टरांकडं, पतसंस्थेत, शाळेत. सगळीकडं एकच सांगितलं: "भाचीचं लग्न हाय, मामा म्हणून उभा राहायचंय, तुमच्या फुललेल्या द्या, माझ्या हिरव्या ठेवून घ्या." कुणी न्हाय म्हटलं न्हाय. पंपाचे मालक तर म्हणाले, "मामा म्हणून उभा राहायचंय? मग पंपसुद्धा घेऊन जा."

फक्त एक घोटाळा झाला. लोकांनी आपापल्या कुंड्यांवर रंगानं लिहिलेलं असतंय. मी सव्वीसच्या संध्याकाळी लिहिलेली बाजू आत करून लावली. वर्षाराणी मॅडमच्या माणसांनी सकाळी येऊन सगळ्या नीट फिरवल्या. त्यांना वाटलं मी उलट्या लावल्या.

म्हणून कार्यालयाच्या दारात "डॉक्टर आत आहेत" हुतं. शाळेची "फुले तोडू नयेत, हुकमावरून" ही नेमकी वरमाईच्या खुर्चीशेजारी गेली, त्या दोन तास हात मांडीवर घेऊन बसल्या. आणि पतसंस्थेची "कृपया रांगेत उभे राहावे" स्टेजच्या पायरीशी. तुला आठवतंय का, सगळी माणसं कशी शिस्तीत एकामागनं एक नवरा-नवरीला भेटत हुती? तू म्हणालीस, फौजेतले लोक फार शिस्तीचे. फौजेचं काय न्हाय त्यात, कुंडीचं हाय. गणपतदादा कोट घालून त्या कुंडीशेजारी उभा राहून रांग सरळ करत हुता. त्याचा मान राहिला, मला बरं वाटलं.

तू विचारत हुतीस, ती सफारीतली तीन माणसं कुणाकडची. ती आपलीच. पंपवाले, डॉक्टर आणि हेडमास्तर. कुंड्यांवर लक्ष ठेवायला आलते, जेवून खूश होऊन गेले. डॉक्टरांनी तर मुलाकडच्या एका काकांची दाढ बघितली.

दाजींचं सांगायचं राहिलं. जेवणाच्या पंगती चालू असताना ते कार्यालयाच्या मागं सिगारेट पेटवायला गेले. तिथं जादा झालेली पंपाची कुंडी, "धूम्रपान करू नये." त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, मी दिसलो. मला वाटलं, आता काय तरी बोलतील. काडी विझवली, कुंडीवर वाकले आणि म्हणाले, "कृष्णात, ह्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "पेटुनिया." ते म्हणाले, "बरं दिसतंय." मग म्हणाले, "पंगतीत माझ्याशेजारी बस." आक्का, ह्यापेक्षा जास्त त्या माणसाला जमणार न्हाय, आणि मला लागतबी न्हाय. बसलो.

आज बारा डिसेंबर. सकाळी पंपावरनं फोन आला, माझ्या हिरव्या कुंड्या तिथं काल-आज एवढ्या फुलल्यात की माणसं पेट्रोल भरून फोटो काढायला थांबतायत, मागं गाड्यांची लाईन लागती. शाळेत तेच, डॉक्टरांकडं तेच. आता त्यांच्या जुन्या कुंड्या कुणी परत घ्यायला तयार न्हाय. पण तारखेचं बघ. बारा डिसेंबर धरून केलतं, बारा डिसेंबरला फुललं. माझं गणित एका दिवसानं चुकलं न्हाय, एवढं दाजींना सांग.

आता शेवटचं. हे तुला फोनवर सांगायला चारदा तोंड उघडलं आणि चारीदा पावसापाण्याचं बोललो.

भटजींनी पुकारा केला. मी खोलीत गेलो. तेजू पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून बसलेली. तिच्या मैत्रिणी बाजूला झाल्या. मी हात पुढं केला. म्हटलं, "चल, तेजू, गणपतदादाचा गुडघा दुखतोय, म्हणून मी आलोय."

ती उठली न्हाय. मुंडावळ्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "मामा, आईनं तुला पत्र लिहायच्या आधीच गणपामामाला मी सांगून ठेवलंतं. तू आला न्हाईस तर मला कुणी आणायचं न्हाय. मी एकटी चालत येणार स्टेजपर्यंत. भटजींना पण सांगितलंतं."

मी म्हटलं, "लोकांनी काय म्हटलं असतं?"

म्हणाली, "म्हणू देत की. माझा मामा एकच हाय."

आक्का, मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं. बाहेर सनई चालू हुती म्हणून कुणाला ऐकू गेलं न्हाय. भटजी दुसऱ्यांदा ओरडले, "मामा, मुहूर्त टळतोय!" तर तेजूनंच पदरानं माझं तोंड पुसलं, माझा हात धरला आणि मला बाहेर आणलं. तुम्हा सगळ्यांना वाटलं, मामानं मुलीला आणलं. तसं झालं न्हाय. तिनं मला आणलं.

हे कुणाला सांगू नकोस. दाजींना सांगितलंस तर चालंल.

तेजूचा मामा,
कृष्णात